एका माणसाची खोली

पाळणाघरातल्या बाईंनी मला दारातच थांबवलं आणि जरा आत या म्हणाल्या, तेव्हा माझ्या मनात आलं, भुंगीनं कुणाला तरी चावलेलं दिसतंय. खरं सांगायचं तर तसं असतं तर मला बरंच वाटलं असतं. चावणारं मूल निदान तोंड वापरतं. बाईंनी मला लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं, स्वतःही तसल्याच एका खुर्चीवर बसल्या, आणि आम्हा दोघींचे गुडघे आपापल्या हनुवटीशी आल्यावर त्यांनी सांगितलं की दुपारी भुंगी घसरगुंडीवरून पडली, गुडघा चांगलाच फुटला, पण कुणाला कळलंच नाही. वाळूवर रक्त दिसलं म्हणून एका मुलानं हाक मारली. भुंगी घसरगुंडीच्या खाली बसली होती. तोंड वासलेलं, चेहरा लाल, डोळ्यांतून धारा, आणि आवाज नाही. बाईंना वाटलं, श्वास अडकला. त्यांनी तिला उपडं घालून पाठीत चार धपके घातले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिला काही झालेलं नाही, ती रडते आहे. "घरी पण अशीच रडते का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हातात पेन होतं, मांडीवर कसला तरी कागद होता, आवाजात मात्र आरोप नव्हता. मी इथल्या, या परक्या देशाच्या भाषेत म्हटलं, ती खूप शहाणी आहे. मला त्या भाषेत बिनचूक येणाऱ्या मोजक्या वाक्यांपैकी ते एक. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी उलटं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

रस्त्यानं ती माझं बोट धरून नीट चालत होती, पट्टी बांधलेला पाय जरासा वाकडा टाकत. दुखतंय का गं, मी विचारलं. तिनं आधी मागे पाहिलं, मग पलीकडच्या फुटपाथकडे पाहिलं, आणि मग मानेनंच हो म्हटलं. बाजूनं बस जात होत्या, कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं, त्या गोंगाटात एक अख्खं लग्नघर रडलं असतं तरी कुणी वळून पाहिलं नसतं, आणि ही चार वर्षांची मुलगी दुखतंय म्हणायच्या आधी आसपास कुणी झोपलेलं नाही ना ते बघत होती. भुंगी हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. पाळण्यात असल्यापासून ती गुणगुणायची, जेवताना, अंघोळीत, झोपेतसुद्धा. घरात सतत एक बारीक घूं चालू असायचा. तिचे बाबा म्हणायचे, हिनं पोटात असतानाच कुणाचा तरी ट्रान्झिस्टर गिळलाय. तो आवाज कधी थांबला? मी चालता चालता आठवू लागले. दात आला की तारीख आठवते, पहिलं पाऊल आठवतं. हे कधी बंद झालं ते मला आठवेना, आणि ज्या बाईचं अर्धं आयुष्य लक्ष ठेवण्यात जातं, दाराच्या कडीवर, गॅसच्या बटणावर, मुलीच्या शीच्या रंगावर, तिला हे आठवू नये याची मला चालता चालता शिसारी आली.

मी इथं एकटी आले होते, इंग्रजी शिकवायला. भुंगी आणि तिचे बाबा तिकडे, सासूबाईंकडे. पगार आकड्यात मोठा वाटला होता. इथं आल्यावर कळलं की नुसत्या एका स्वतंत्र खोलीच्या घराला त्यातला जवळजवळ सगळा लागतो. तेव्हा मग सामायिक घर. तीन-चार माणसांनी मिळून घेतलेलं, प्रत्येकाला एक खोली, स्वैपाकघर आणि मोरी सगळ्यांची. अशा घरात खोली नुसती भाड्यानं मिळत नाही, त्यांच्या पसंतीला उतरावं लागतं. तुम्हाला स्वैपाकघरातल्या टेबलाशी बसवतात, चहा देतात, आणि आधीपासून राहणारी माणसं समोर बसून विचारतात, तुम्ही स्वैपाक किती वाजता करता, पाहुणे किती येतात, फोनवर मोठ्यानं बोलता का. तुम्ही गेल्यावर ते मतं घेतात. आमच्याकडे मुली दाखवायच्या तसंच हे, फक्त कांदेपोह्यांशिवाय; आणि बघायला गेलेल्यांपैकी अकरा स्वैपाकघरांनी मला नापसंत केली. मी जाताना फ्रिजचे कप्पे बघायचे, कुणाच्या दुधाच्या पिशवीवर नाव लिहिलंय ते बघायचे, भांडी घासायचा चोथा किती जुना आहे ते बघायचे. त्यावरून घर कळतं. मी कमी हसायचे, हळू बोलायचे, इंग्रजीची शिक्षिका म्हटल्यावर माणसांना वाटतं ही आपली कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसेल, तर तशी दिसायचे. मूल आहे हे मी कुठंच सांगितलं नाही. विचारत नव्हतं कुणी, आणि मूल तेव्हा तिकडे होतं, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. पण प्रत्येक टेबलावरून उठताना मला वाटायचं, मी तिला दाराबाहेर बसवून आत आले होते.

आणि वर्गात मी तेच शिकवत होते. आमच्या पुस्तकाचा चौथा धडा, खोली भाड्यानं घेणे. नमस्कार, खोली अजून रिकामी आहे का? हो, आहे. केव्हा बघायला येऊ? आज संध्याकाळी या. जोड्या करून विद्यार्थी हे म्हणतात आणि मी मधून फिरते. सगळी मोठी माणसं, दिवसभर राबून आलेली. त्यातला एक गिलावा करणारा गवंडी आहे, नखांत कायम पांढरं. तो एकदा म्हणाला, बाई, खोली गेली हे वाक्य या पुस्तकात का नाही? आम्हाला तर तेवढंच ऐकायला मिळतं. सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि खडूनं फळ्यावर ते वाक्य लिहिलं, आणि सगळ्यांनी ते माझ्यामागून तीनदा म्हटलं.

बाराव्या घरानं घेतलं. त्या घराचा भाडेकरार एका आचाऱ्याच्या नावावर होता. तो मोठ्या हॉटेलात रात्रपाळीला पाव भाजायचा आणि सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत झोपायचा. बाकी एक नर्स, तिच्याही पाळ्या बदलत्या, म्हणजे घरात कधीही कुणीतरी झोपलेलं. पाच महिन्यांनी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, भुंगीच्या बाबांना त्यांचं करू की नोकरी करू असं झालं, आणि भुंगी माझ्याकडे आली. मी आचाऱ्याला म्हटलं, थोडे दिवस. तो दारात उभा होता, केसांत पीठ. तो म्हणाला, "मी वाईट माणूस नाही. पण मला ती ऐकू आली तर मला जमणार नाही." त्यानं हे इतक्या नरमाईनं सांगितलं की मी त्याचे आभार मानले.

मग मी तिला शिकवायला घेतलं. मला दुसरं येतं काय? शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला हातांच्या खुणा शिकवतात, म्हणजे बाईंनी कमी बोलावं आणि वर्गानं जास्त. कानाशी हात नेला की पुन्हा म्हणा. तर्जनी गोल फिरवली की पूर्ण वाक्यात सांगा. तळहात उताणा वर नेला की मोठ्यानं, पालथा खाली आणला की हळू. घरी मी फक्त शेवटची वापरली. पालथा तळहात, हळूहळू खाली. गुणगुणली की तळहात. ठेच लागली की तळहात. स्वप्नात बडबडली तर तिच्या छातीवर तळहात. भिंतीवर मी एक तक्ता लावला, दिवसभर आचारीकाका उठले नाहीत तर संध्याकाळी एक चांदणी. रागावायचं नाही, मारायचं नाही, चांगल्या वागण्याचं कौतुक करायचं, सगळं कसं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. मला आठवतं, एका रविवारी तिचं बोट कपाटाच्या दारात चेमटलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी आधी बोट पाहिलं नाही, आधी हात खाली आणला. तिनं ओठ आवळले. दोन मिनिटांनी कागदाची चांदणी चिकटवायला मी तिला कडेवर घेतलं तेव्हा ती हसत होती. आई, मी जिंकले, ती माझ्या कानात म्हणाली. मी किती गोड बोलून किती सावकाश हे केलं. आचारी एकदा भेटला तेव्हा म्हणाला, तुमची मुलगी आहे का अजून इथं, मला वाटलं परत पाठवलीत. मला ती शाबासकी वाटली होती.

हे सगळं मला पाळणाघर ते घर या वीस मिनिटांत एकावर एक आठवत गेलं, आणि घरी नणंद आमची वाट बघत होती. तिच्या कंपनीनं तिला पंधरा दिवसांसाठी इथं पाठवलेलं, हॉटेलात उतरली होती, रोज संध्याकाळी यायची. रविवारी तिचं परतीचं विमान. आचाऱ्यानं महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं की तो गाव सोडतो आहे आणि घर महिनाअखेर मालकाला परत जाणार आहे. त्या शनिवारी महिना संपत होता. शनिवारपर्यंत मला दुसरी खोली मिळाली नाही तर भुंगी आत्याबरोबर परत जाणार, हे मी आणि भुंगीच्या बाबांनी फोनवर ठरवलं होतं. त्यांनी तिकीटही राखून ठेवलं होतं. ते फोनवर आवाज अगदी मोकळा ठेवून म्हणाले होते, अगं आई आता वॉकर घेऊन चालते, तिलाही करमेल, वर्ष काय असं निघून जाईल. त्या 'असं'मध्ये त्यांनी चुटकी वाजवलेली मला ऐकू आली. मला माहीत होतं की ती एकदा तिकडे गेली की माझ्या नोकरीची जेवढी वर्षं आहेत तेवढ्या वर्षांनी मला परत मिळेल, आणि जी मिळेल ती मला ताई-बाई असं काहीतरी समजून बघेल.

नणंदेनं गुडघा पाहिला, हळहळली, तिला मांडीवर घेतलं. मी बाईंचं बोलणं तिला सांगितलं नाही. तिनं माझ्या हातात टपालानं आलेला लिफाफा दिला. वहिनी, हे दारात पडलं होतं, सरकारी दिसतंय.

इथल्या नगरपालिकेची शिक्षक, नर्स अशा नोकरदारांसाठी स्वस्त सामायिक घरं आहेत. मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज केला होता, यादी दीड-दोन वर्षांची असते म्हणून विसरूनही गेले होते. तर माझा नंबर लागला होता. शुक्रवारी सकाळी येऊन खोली बघावी, सही करावी, किल्ली घ्यावी. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. मी ते तीनदा वाचलं. नणंद म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते, काहीतरी होईल. तिनं भुंगीची पापी घेतली. मग मी चौथ्यांदा वाचलं तेव्हा खालची ओळ दिसली. राहणाऱ्या व्यक्ती, एक.

अर्ज केला तेव्हा मी एकटीच होते, तेव्हा एकच लिहिलं, त्यात काही चूक नव्हती. पण दर तीन महिन्यांनी ते एक कार्ड पाठवतात. तुमच्या परिस्थितीत काही बदल? दोन चौकोन, बदल आहे, बदल नाही. भुंगी आल्यानंतर अशी तीन कार्डं आली. तिन्ही वेळा मी बदल नाही वर खूण केली. पहिल्यांदा भीतीनं, की नंबर मागे जाईल. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा तसं लिहिलंय म्हणून. तिसऱ्यांदा मी चहा पीत होते, भुंगी टेबलाखाली चित्र काढत होती, आणि मी काही विचार न करता खूण केली. खरोखरच मला काही बदल आठवला नाही. ती इतकी शांत होती. वर्गात मी लोकांचे अर्ज तपासते, सांगते, थोडक्यात लिहा पण खरं लिहा.

नणंदेला मी सगळं सांगितलं. ती ऑफिसात माणसं सांभाळणारी बाई, तिला कशाचाच बाऊ वाटत नाही. ती म्हणाली, "वहिनी, सरळ सांगून टाक. माणसंच आहेत ती, खाणार आहेत का तुला? पोर समोर बघितली की कोण नाही म्हणेल?" मी येते बरोबर, ती म्हणाली, हिला पण नेऊ. छान फ्रॉक घालू. मला ते पटलं. खरं तर मला कुणीतरी पटवायलाच हवं होतं. दोन दिवस मी इथल्या भाषेतली चार वाक्यं पाठ केली. माझी परिस्थिती बदलली आहे. मला माफ करा. माझी मुलगी माझ्याबरोबर राहते. कृपया मदत करा. भुंगीला ती भाषा माझ्याहून कितीतरी चांगली येते, वर्षभर पाळणाघरात तीच ऐकते. माझं काही चुकलं की तिचे ओठ बरोबर शब्द नुसतेच, आवाज न करता, करून दाखवतात.

शुक्रवारी आम्ही तिघी गेलो. विटांची लांबलचक इमारत, मध्ये मोठं अंगण, अंगणात सायकली, वाळत घातलेली पांघरुणं, आणि मुलं. दहा-बारा तरी असतील. ती ओरडत होती. नुसतं खेळताना ओरडतात तसं, कशासाठीही नाही. एक मुलगा पत्र्याच्या डब्यावर काठी आपटत होता आणि वरून कुणीही खिडकी उघडून त्याला काही म्हणत नव्हतं. भुंगी थांबली. तिनं माझं बोट सोडलं नाही, पण तिचा चेहरा त्या मुलांकडे असा वळला, जसं आपण उन्हाकडे वळवतो. कचेरीतल्या बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या, माझ्याएवढ्याच वयाच्या, पायात पांढरे कापडी बूट, कुणाशीही भांडण नसलेला चेहरा. त्यांनी खोली दाखवली. भिंती हातभर जाड. खिडकी अंगणाकडे. एक पलंग, एक टेबल, आणि पलंगाच्या बाजूला रिकामी जागा, जिथे मी दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर मनातल्या मनात एक लहान गादी घालून टाकली. नणंद भिंतीवर चापट मारून बघत होती. चांगलंय गं, ती म्हणाली.

बाईंनी टेबलावर कागद ठेवले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं, की ही खोली खरं तर गेल्या आठवड्यात एका दुसऱ्या बाईंना मिळाली होती, पण त्यांनी आई बरोबर राहते हे कळवलं नव्हतं, सही करताना निघालं. मग? मी विचारलं. मग काय, अर्ज रद्द. नियम आहे. पुन्हा पहिल्यापासून यादीत, दोन वर्षं. मला वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटलेलं दिसत होतं. मग त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं आणि त्यांची नजर खाली गेली, फ्रॉककडे, गुडघ्याच्या पट्टीकडे. किती गोड, त्या म्हणाल्या. "ही तुमची मुलगी?"

माझी चार वाक्यं माझ्या जिभेवर होती. मी ती मोजू शकत होते. आणि त्याच वेळी माझं डोकं भयंकर स्वच्छ चालत होतं. सांगितलं तर खोली जाते, आणि उद्या शनिवार, म्हणजे भुंगीही जाते, आणि मी कुठल्या तरी तेराव्या स्वैपाकघरात. नाही सांगितलं तर भुंगी जातेच, पण खोली राहते, भिंती राहतात, अंगण राहतं, आणि वर्षभरानं, दोन वर्षांनी, रीतसर अर्ज करून, बदल आहे वर खूण करून... दोन्हीकडे ती जातच होती. हे मला इतकं साफ दिसलं की मी जे बोलले ते खोटं आहे असंही मला त्या क्षणी वाटलं नाही. त्या भाषेत मला आडवळणानं बोलता येत नाही. गोलमाल करण्यापुरती ती मला येतच नाही. लहान मुलं बोलतात तेवढीच वाक्यं येतात. मी नणंदेकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "माझी नाही. हिची."

नणंदेला त्यातला एक शब्द कळला नाही. आपल्याकडे बोट दाखवलंय म्हटल्यावर ती ओळख करून दिल्यासारखी छान हसली आणि तिनं मान लववली. बाईही हसल्या. मी सही केली. सही करताना मी वर पाहिलं नाही, पण माझ्या डाव्या हाताचं बोट मोकळं झालेलं मला कळलं. भुंगीनं ते सोडलं होतं. ओढून नाही, झिडकारून नाही. ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, आणि आत्याचा हात धरून, तिच्या ड्रेसला अंग लावून, सख्ख्या मुलीसारखी उभी राहिली. बाईंनी तिला काहीतरी विचारलं, नाव असेल, आणि तिनं नीट, ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं. गेल्या वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

किल्ली थंड होती आणि बरीच जड. जिन्यावरून उतरताना नणंद पुढे, सारखी बोलत होती. बघितलंस, उगीच घाबरत होतीस, किती चांगली बाई, पोर बघून कशी विरघळली, सांगितलंस ना सगळं? मी हो म्हटलं. ती म्हणाली, दादाला आता फोन करते, तिकीट रद्द कर म्हणावं. मला तिला थांबवायचं होतं आणि थांबवण्यासाठी जे बोलावं लागणार होतं ते माझ्याजवळ कुठल्याच भाषेत नव्हतं. अंगणात ती मुलं तशीच ओरडत होती. मी खाली वाकले, भुंगीच्या उंचीला आले, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा तिच्यापुढे तळहात उताणा धरून वर नेला. बोल, बाळा. काय वाटेल ते, मोठ्यानं. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग मागे, जिन्यातून खाली उतरणाऱ्या त्या कचेरीतल्या बाईंकडे. नणंदेची मुलगी तिच्याएवढीच आहे, फोनवर दिसली की मला हाका मारते, ते भुंगीनं ऐकलेलं. त्या बाई आमच्या अगदी जवळ येईपर्यंत ती थांबली. मग आत्याचा हात न सोडता, जिंकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत, अगदी बरोबर मोजून, ती मला म्हणाली, "मामी, आम्ही जाऊ आता?"